कोटा लावताय? आधी बघा, मोजणी कोणाच्या नावावर होते

सर्व्हरची डिस्क भरली की ऑफिसात पहिला उपाय सुचतो तो कोट्याचा. प्रत्येकाला दहा-दहा जीबी द्या, विषय संपला. मग दोन-चार आठवड्यांत तक्रारी येऊ लागतात. एकाची फाइल सेव्ह होत नाही, आणि त्याच्या फोल्डरात तर निम्मी जागा मोकळी दिसते. दुसऱ्याने चाळीस जीबीचे व्हिडिओ भरून ठेवलेत आणि यादीत त्याच्या नावापुढे शून्य. सर्व्हरची मोजणी चुकलेली नसते. आपल्याला वाटत होतं ते तो मोजतच नव्हता, एवढंच.

म्हणून आकडा किती ठेवायचा हा प्रश्न नंतरचा. डिस्कवर पडणारा प्रत्येक बाइट कोणाच्या खात्यावर चढणार, हे आधी ठरवावं लागतं.

मालकाप्रमाणे की फोल्डरप्रमाणे?

मोजणीच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत फाइलचा मालक बघतात. प्रत्येक फाइलवर मालक म्हणून एक नाव नोंदलेलं असतं. साधारणपणे ज्या खात्यातून ती तयार झाली त्याचं. त्या ड्राइव्हवर त्या नावाच्या जेवढ्या फाइली, मग त्या कुठल्याही फोल्डरात असोत, त्यांची बेरीज म्हणजे त्या माणसाचा वापर. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कोटा’ नावाचा टॅब दिसतो तो हाच, विंडोज २००० पासून चालत आलेला. लिनक्सचा यूजर कोटाही याच जातीचा.

दुसऱ्या पद्धतीला मालकाशी कर्तव्य नाही. एक फोल्डर दाखवायचा. त्याच्या पोटात जे काही असेल ते सगळं त्या फोल्डरच्या नावावर. विंडोज सर्व्हरवर हे काम फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर करतो. तो २००३ आर२ या आवृत्तीपासून आहे, पण आपोआप बसत नाही. सर्व्हर मॅनेजरमध्ये फाइल सर्व्हिसेसखाली जाऊन टिक करून बसवावा लागतो. लिनक्सवर याच प्रकाराला प्रोजेक्ट कोटा म्हणतात.

पहिल्या पद्धतीत घोडं कुठे पेंड खातं ते बघा. जुना सर्व्हर काढला, नवा आणला, अ‍ॅडमिनने सगळ्यांचे फोल्डर रात्रीत कॉपी केले. कॉपी म्हणजे नवी फाइल, आणि नव्या फाइलचा मालक ती तयार करणारा. अ‍ॅडमिनच्या अधिकारात चालवलेली कॉपी असेल तर मालक म्हणून बहुधा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ हा गट चढतो, आणि या गटाला मालकीवरच्या कोट्याची मर्यादा लागूच होत नाही. सकाळी कोट्याची यादी उघडावी तर सगळ्यांचा वापर जवळपास शून्य. त्यानंतर लोक ज्या नव्या फाइली करतात तेवढ्याच मोजल्या जातात. विंडोजची रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरताना मालकीसकट कॉपी करण्याचा पर्याय द्यावा लागतो. न दिल्यास तारीख आणि मजकूर येतो, मालक येत नाही. बॅकअपमधून परत आणलेल्या फोल्डरांचंही तेच, परवानग्यांसकट रिस्टोर केलं नाही तर मालक बदलतो.

उलटा प्रकारही होतो. विभागाच्या सामायिक फोल्डरात एकच माणूस सगळ्यांचे स्कॅन टाकत असेल तर ते सगळे जीबी त्याच्या एकट्याच्या खात्यावर चढतात, आणि एक दिवस त्याला स्वतःच्या फोल्डरात साधं पत्र सेव्ह करता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. सामायिक फोल्डर आणि वैयक्तिक फोल्डर एकाच ड्राइव्हवर असतील तर मालकीवरचा कोटा लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फोल्डरवरचा कोटा लावा. त्यात निदान भांडण कुठल्या फोल्डरवरून आहे ते तरी कळतं.

मांडणी आधी

डेटा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्राइव्हवर ठेवायचा नाही, हे पहिलं. सी ड्राइव्ह भरला की कोणाची तरी फाइल अडते एवढ्यावर भागत नाही, सर्व्हरच आजारी पडतो. वेगळ्या ड्राइव्हवर दोन मूळ फोल्डर करा: एक ‘होम’, ज्यात माणशी एक फोल्डर, दुसरा ‘विभाग’, ज्यात विभागवार सामायिक फोल्डर. दोन्हींना वेगवेगळे व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचे स्वतंत्र भाग, देता आले तर उत्तम. एक भरला तरी दुसरा चालू राहतो.

होमचा शेअर, म्हणजे नेटवर्कवरून उघडता येणारा फोल्डर, करताना नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की नेटवर्कवर शोधणाऱ्याला तो यादीत दिसत नाही. याला सुरक्षा समजू नका, नुसता पडदा आहे. खरी राखण परवानग्यांची. परवानग्या दोन थरांत असतात, शेअरच्या आणि फाइलसिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवरच्या फाइल-फोल्डरांच्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही थर ओलांडावे लागतात, त्यामुळे जो जास्त कडक तोच चालतो. दोन्हीकडे बारकावे करत बसलात तर सहा महिन्यांनी कोणी कोणाला का अडवलं हे सापडणार नाही. शेअरवर साइन-इन केलेल्या सगळ्यांना ‘चेंज’ द्या आणि बारीक काम फाइलसिस्टिमवर करा. ‘फुल कंट्रोल’ऐवजी ‘चेंज’ का? कारण मग माणूस स्वतःच्या फोल्डरचा मालक असला तरी नेटवर्कवरून परवानग्या बदलून ठेवू शकत नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप वगैरे सर्व्हरवर वळवणारी फोल्डर रिडायरेक्शन वापरत असाल आणि फोल्डर ती स्वतः तयार करणार असेल, तर शेअरवर फुल कंट्रोल लागतं.

होमच्या मूळ फोल्डरवर वरून येणारा परवानग्यांचा वारसा तोडा आणि चारच नोंदी ठेवा. सिस्टिमला आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना पूर्ण अधिकार, आतल्या सगळ्यासह. ‘क्रिएटर ओनर’ला, म्हणजे जो तयार करेल त्याला, पूर्ण अधिकार, पण फक्त आतल्या फोल्डर आणि फाइलींवर. सामान्य यूजर्सच्या गटाला यादी बघण्याचा आणि फोल्डर तयार करण्याचा अधिकार, आणि तोही ‘फक्त हा फोल्डर’ एवढ्यापुरता. लोक चुकतात ते या शेवटच्या कलमावर. ‘फक्त हा फोल्डर’ निवडायचं राहिलं की तोच अधिकार खाली झिरपतो आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं फोल्डर उघडता येतं. फोल्डर तुम्हीच हाताने किंवा स्क्रिप्टने तयार करत असाल तर यूजर्सना तयार करण्याचा अधिकार द्यायचीही गरज नाही. माणशी फोल्डरवर त्याच्या खात्याला ‘मॉडिफाय’ दिलं की झालं. सोबत शेअरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस-बेस्ड एन्युमरेशन चालू करा. ज्या फोल्डरात जाता येत नाही तो मग माणसाला दिसतच नाही, आणि ‘साहेबांच्या फोल्डरात काय असेल’ ही उत्सुकताही आपोआप कमी होते.

रिडायरेक्शनच्या पॉलिसीत ‘यूजरला एकट्याचे अधिकार द्या’ अशी एक टिक आधीपासूनच लागलेली असते. ती तशीच राहिली तर अ‍ॅडमिनलाही त्या फोल्डरात शिरता येत नाही. मग कोणीतरी वैतागून मालकी स्वतःकडे घेतो, आणि पुढच्या लॉगिनला रिडायरेक्शन कुरकुरू लागतं, कारण मालक तोच माणूस आहे का हे ती तपासते. पहिल्या दिवशी टिक काढली की हा फेरा टळतो.

आणि एक गमतीचा प्रसंग, जो हमखास घडतो. अ‍ॅडमिन होम फोल्डर उघडतो तर आत साठ फोल्डर आणि साठही ‘डॉक्युमेंट्स’ नावाचे. कोणाचा कुठला, पत्ता नाही. नावं बदललेली नसतात. रिडायरेक्ट केलेल्या फोल्डरात डेस्कटॉप डॉट आयएनआय ही लपलेली फाइल असते, आणि ती वाचून एक्सप्लोरर खऱ्या नावाऐवजी सजवलेलं नाव दाखवतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये यादी काढली तर खरी नावं जागेवर दिसतात. त्या फाइलवर अ‍ॅडमिनचा वाचण्याचा अधिकार काढला की एक्सप्लोररही सरळ येतो.

आता मर्यादा

रिसोर्स मॅनेजरमध्ये मर्यादा दोन प्रकारची. हार्ड म्हणजे आकडा गाठला की लिहिणं बंद. सॉफ्ट म्हणजे आकडा ओलांडला तरी लिहू देईल, फक्त नोंद ठेवेल आणि कळवेल. आधीच वापरात असलेल्या सर्व्हरवर एकदम हार्ड कोटा लावणं म्हणजे रोष ओढवून घेणं. महिनाभर सॉफ्ट ठेवा, आकडे बघा, ज्यांचं खरंच मोठं काम आहे त्यांना वेगळं काढा, मग हार्ड करा.

कोटा एकेका फोल्डरवर हाताने लावायचा नसतो. आधी टेम्प्लेट तयार करायचा: मर्यादा, प्रकार, इशारे. मग होमच्या मूळ फोल्डरवर ‘ऑटो अप्लाय’ प्रकारचा कोटा लावायचा. त्यामुळे आत असलेल्या आणि पुढे तयार होणाऱ्या प्रत्येक फोल्डरला तोच टेम्प्लेट आपोआप लागतो. साधा कोटा लावलात तर सगळ्यांच्या फोल्डरांची मिळून एकच मर्यादा होईल आणि पहिला मोठा वापर करणारा सगळ्यांची वाट लावेल. ही चूक इतकी सहज होते की लावल्यावर कोट्यांची यादी उघडून माणशी एक ओळ आली का, हे मोजून बघावं.

टेम्प्लेट बदलला की त्यातून निघालेले सगळे कोटे बदलायचे का, असा प्रश्न खिडकी विचारते. तिथे ‘मूळ टेम्प्लेटशी जुळणाऱ्यांनाच’ हा पर्याय घ्या. ‘सगळ्यांना’ घेतलात तर ज्या चौघांना खास वाढवून दिलं होतं त्यांची वाढही पुसली जाते. कोट्यात कोटा असला, म्हणजे विभागाला शंभर जीबी आणि आतल्या एका फोल्डरला वीस, तर दोन्ही मोजले जातात आणि जो आधी भरेल तो अडवतो.

इशाऱ्यांसाठी ८५, ९५ आणि १०० टक्के हे तयार टेम्प्लेटमधले टप्पे ठीक आहेत. मात्र १०० टक्क्यांचा ईमेल म्हणजे वरातीमागून घोडं; खरा उपयोगाचा ८५ चा. ईमेल जात नसेल तर दोन ठिकाणी बघा. एक, रिसोर्स मॅनेजरच्या पर्यायांत एसएमटीपी, म्हणजे ईमेल पाठवणाऱ्या, सर्व्हरचं नाव भरलंय का. दोन, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे ऑफिसातल्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, त्या माणसाच्या खात्यावर ईमेल पत्ता नोंदलाय का. तो तिथूनच उचलला जातो. रकाना रिकामा असेल तर त्या माणसाला काहीच जात नाही, आणि तो शपथेवर सांगतो की मला कोणी कळवलं नाही. तो खरंच सांगत असतो. एका इशाऱ्याचा ईमेल आल्यावर तासभर दुसरा आला नाही तर घाबरू नका. दोन ईमेलमधलं अंतर आधीपासून ६० मिनिटांचं ठेवलेलं असतं.

हार्ड कोट्याचा एक फायदा असा की होम फोल्डर एच ड्राइव्ह म्हणून थेट जोडला तर माणसाला ड्राइव्हचा आकार सर्व्हरच्या डिस्कचा न दिसता स्वतःच्या कोट्याचा दिसतो. सॉफ्ट कोट्यात तसं होत नाही.

जागा आहे, तरी सेव्ह होत नाही

मदतकक्षाला सर्वाधिक छळणारा प्रश्न हा. समजा कोटा १० जीबी, वापर ९.९७ जीबी, म्हणजे साधारण ३० एमबी मोकळे. माणूस ४५ एमबीची एक्सेल फाइल उघडतो, एक आकडा बदलतो, सेव्ह करतो. फाइल वाढलेली नाही, तरी जागा नाही असा संदेश. कारण वर्ड आणि एक्सेल जुन्या फाइलवर थेट लिहीत नाहीत. आधी त्याच फोल्डरात नवी तात्पुरती फाइल पूर्ण लिहितात, मग जुनी बाजूला करून नवीला तिचं नाव देतात. मध्ये वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहावी म्हणून ही काळजी. म्हणजे ४५ एमबीच्या फाइलला सेव्हच्या त्या काही क्षणांपुरते आणखी ४५ एमबी लागतात. वर, सेव्ह मध्येच फसलं तर अर्धवट तात्पुरती फाइल तिथेच पडून राहू शकते: एक्सेलची आठ अक्षरी निरर्थक नावाची, एक्स्टेंशन नसलेली. माणूस तीनदा प्रयत्न करतो आणि उरलेली जागाही संपते. त्याला फाइल बंद करू देऊ नका. आधी स्वतःच्या मशीनवर ‘सेव्ह अ‍ॅज’ करायला सांगा, मग साफसफाई.

साफसफाईतही एक फसवी जागा आहे. साध्या नेटवर्क ड्राइव्हवरून खोडलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. पण रिडायरेक्ट केलेल्या डॉक्युमेंट्समधून खोडली तर ती त्याच फोल्डरातल्या लपलेल्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते आणि कोट्यात मोजली जात राहते. ‘मी पाच जीबी काढले, आकडा तसाच आहे’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच: बिन रिकामा करा. सांबा, म्हणजे लिनक्सवरून विंडोजला फोल्डर देणाऱ्या, सर्व्हरवर रिसायकल मॉड्यूल चालू असेल तर तिथेही डॉट रिसायकल नावाचा फोल्डर असाच फुगतो.

आउटलुकच्या पीएसटी, म्हणजे ईमेल साठवणाऱ्या, फाइली होममध्ये ठेवू देऊ नयेत. नेटवर्कवर ठेवलेल्या पीएसटीला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. आउटलुक २०१० पासून तिची कमाल मर्यादा ५० जीबी आहे, आणि नुसती उघडली तरी बदलली असं धरलं जात असल्याने रोजच्या फाइलवार बॅकअपमध्ये ती अख्खी पुन्हा जाते. गाणी-चित्रपट अडवायला फाइल स्क्रीनिंग आहे. पण ते फक्त एक्स्टेंशन बघतं. एमपी४ चं नाव बदलून टीएक्सटी केलं की गेटवरचा पहारेकरी सलाम ठोकतो.

आकडा किती?

आधी मोजा. रिसोर्स मॅनेजरमधला स्टोरेज रिपोर्ट मालकानुसार, मोठ्या फाइलींनुसार आणि सारख्या फाइलींनुसार यादी काढून देतो. ‘बरेच दिवस न उघडलेल्या फाइली’ या अहवालावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. विंडोजमध्ये व्हिस्टाच्या पिढीपासून शेवटचं कधी उघडलं याची नोंद करणं मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलं होतं, त्यामुळे ती तारीख खरी असेलच असं नाही.

माणशी वापर उतरत्या क्रमाने लावला की जवळपास सगळीकडे एकच चित्र दिसतं. चार-पाच जण डोंगराएवढे, बाकीचे सपाट. सरासरी काढू नका, ते चार-पाच जण तिला वर ओढतात. यादीच्या मधोमध असलेल्या माणसाचा वापर बघा आणि त्याच्या दोन-तीनपट मर्यादा ठेवा. समजा ५० जण आहेत आणि मधला वापर ६ जीबी. तर १५ जीबी पुरे. ५० गुणिले १५ म्हणजे ७५० जीबी, आणि डिस्क ६०० ची असली तरी चालतं, कारण सगळे एकाच वेळी मर्यादा गाठत नाहीत. फक्त अशी उधारी केलीत तर पूर्ण व्हॉल्यूमवर वेगळी नजर हवी. ८० टक्क्यांना स्वतःला इशारा लावून घ्या.

डिस्कच्या खोक्यावरचा आकडाही जसाच्या तसा धरू नका. एक टीबी म्हणून विकलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने. त्यातून शॅडो कॉपी, म्हणजे फाइलींच्या आधीच्या वेळच्या आवृत्त्या, चालू असतील तर मूळ सेटिंगप्रमाणे त्या व्हॉल्यूमच्या १० टक्क्यांपर्यंत जागा घेतात आणि ती कोणाच्याच कोट्यात दिसत नाही. त्या बंद करू नका. ‘काल चुकून खोडली’ असं म्हणणाऱ्याला ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून दोन मिनिटांत फाइल मिळते. डीडुप्लिकेशनने, म्हणजे सारखा मजकूर एकदाच साठवून, डिस्कवर निम्मी जागा वाचली तरी माणसाच्या कोट्यात फरक पडत नाही, तिथे फाइलचा पूर्ण आकारच धरला जातो.

लिनक्सवर

तत्त्व तेच, शब्द वेगळे. इथे सॉफ्ट मर्यादेला मुदत असते: ओलांडली की मूळ सेटिंगप्रमाणे सात दिवसांची सवलत, त्यात खाली आला नाहीत तर सॉफ्टच हार्डसारखी वागते. त्यामुळे सोमवारी सगळं चालू असलेल्या माणसाचं पुढच्या सोमवारी काहीही न करता अडतं, आणि त्याला ते कोडं वाटतं. दुसरी मर्यादा फाइलींच्या संख्येवर, म्हणजे आयनोडवर (प्रत्येक फाइलीमागे लागणारी एक नोंद). एखाद्या प्रोग्रॅमने लाखो बारीक फाइली केल्या तर जीबी शिल्लक असूनही नवी फाइल होत नाही. अख्ख्या व्हॉल्यूमचेच आयनोड संपलेत का, हे डीएफ कमांडला आय हा पर्याय देऊन बघा.

एक्सएफएस या फाइलसिस्टिमवर कोटा माउंट करताना, म्हणजे व्हॉल्यूम जोडतानाच, चालू करावा लागतो. चालू व्हॉल्यूम रिमाउंट करून जमत नाही, म्हणून ते काम आठवड्याच्या मधोमध काढू नका. ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर विभागाच्या फोल्डरांना ग्रुप कोटा, म्हणजे फाइलच्या गटावरून मोजणारा, लावणार असाल तर फोल्डरवर सेटजीआयडी ही खूण ठेवा, म्हणजे आत तयार होणारी फाइल त्या गटाच्या नावावर पडते. तरी एक फट उरते. त्याच व्हॉल्यूमवरच्या स्वतःच्या फोल्डरातून एमव्ही या हलवण्याच्या कमांडने आणलेली फाइल जुनाच गट घेऊन येते आणि विभागाच्या हिशेबात धरली जात नाही. विंडोजमध्ये हीच फट परवानग्यांना आहे: एकाच व्हॉल्यूमवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत आणते, कॉपी केलेली नव्या घेते. सामायिक फोल्डरात एखादी फाइल एकालाच उघडते आणि बाकीच्यांना नाही, याचं कारण बहुतेकदा इथे सापडतं.

सोडून गेलेल्यांचं काय?

खातं लगेच डिलीट करू नका. आधी बंद करा, फोल्डर होममधून काढून कोटा नसलेल्या जुन्या फोल्डरांच्या जागी हलवा. खातं डिलीट केलं की फाइलींवर मालकाच्या जागी नावाऐवजी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक उरतो आणि वर्षभराने ते कोण होतं हे कोणालाच सांगता येत नाही. मालकीवरचा कोटा असेल तर त्याची यादीतली नोंदही निघत नाही. त्याच्या नावच्या सगळ्या फाइली हलवल्या, खोडल्या किंवा मालकी बदलली, तरच निघते.

जाता जाता रिस्टोरचं. फोल्डरवरचा कोटा अ‍ॅडमिनलाही सोडत नाही. कोण लिहितोय हे तो बघतच नाही. ९ जीबी वापरलेल्या १० जीबीच्या फोल्डरात ३ जीबीचं जुनं काम परत आणायला गेलात तर रिस्टोर मध्येच अडतं आणि अर्धं आलेलं कुठलं, आधीचं कुठलं, याचा गुंता होतो. म्हणून रिस्टोर नेहमी बाजूच्या, कोट्याबाहेरच्या फोल्डरात घ्या, माणसाला दाखवा आणि त्याला हवं तेवढंच आत न्या.